प्रति: ओनायडा – पोलिसांची धाड वगैरे काही नाही

ओनायडा या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाबद्दल एका प्रतिसादात ‘शेतीवर जगणारा हा पंथ सरकारने मोडून काढला’ असं म्हटलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

जॉन हम्फ्री नॉइसने 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ओनायडाला वसाहत केली. फळबाग, शेती करून पाहिली, पण भागेना. तारलं ते सिवेल न्यूहाऊस या सभासदाच्या पोलादी सापळ्यांनी. फरच्या व्यापाराला ते हवेच होते. चांदीचा मुलामा दिलेले चमचे 1877 पासूनचे, म्हणजे अगदी शेवटी-शेवटी.

पंथातले सगळे पुरुष आणि सगळ्या स्त्रिया एकमेकांचे जोडीदार, हा तिथला ‘संमिश्र विवाह’. पण म्हणजे मोकाट कारभार नव्हे. पुरुषाने मागणी घालायची ती तिसऱ्या व्यक्तीमार्फत, बहुधा एखाद्या वयस्क बाईमार्फत. स्त्रीला नकाराचा हक्क. दोघांची फारच गट्टी जमली तर तोच दोष ठरायचा आणि एकेकाचे दोष इतरांनी तोंडावर सांगायच्या ‘परस्पर टीके’च्या बैठकीत गुमान बसून ऐकून घ्यावं लागायचं. 1869 पासून कुणी मूल जन्माला घालायचं हेही समिती ठरवू लागली. त्यातून 58 मुलं जन्मली. माझ्या मते पंथ मोडण्याची खरी ठिणगी इथेच पडली: निवड करणार कोण, आणि नॉइसनंतर गादीवर कोण?

बाहेरून पाद्री मंडळींचा रेटा होताच. जून 1879 मध्ये अटकेच्या भीतीने नॉइस रातोरात कॅनडाला निघून गेला, ऑगस्टमध्ये संमिश्र विवाह बंद. 1 जानेवारी 1881 ला पंथाची चक्क जॉइंट स्टॉक कंपनी झाली! वाटणीही हिशेबी: आणलेल्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीचे शेअर, शिवाय वयाच्या सोळाव्या वर्षानंतर सभासद म्हणून काढलेल्या दर वर्षामागे सव्वाचार शेअर.