दान्तेला वाट दाखवायला व्हर्जिलच का?

प्रश्न: वाचनखूण (फोर्ट, मुंबई)

नमस्कार. माझे कार्यालय फोर्टात आहे आणि मधल्या सुट्टीत मी पुष्कळदा एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर, त्या उंच डोरिक खांबांच्या सावलीत जाऊन बसते. याच इमारतीत इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे एक जुने हस्तलिखित जपून ठेवलेले आहे असे कळल्यापासून ते काव्य वाचायचेच असे मी ठरवले होते, आणि इंग्रजी भाषांतरातून त्याचा पहिला भाग, म्हणजे ‘इन्फर्नो’, नुकताच वाचून संपवला.

एक गोष्ट मात्र अडून राहिली आहे. दान्ते हा अंतर्बाह्य ख्रिस्ती कवी. नरकातून जाताना त्याने एखाद्या संताचे बोट धरायचे, तर तो इ. स. पू. १९ मध्ये वारलेल्या व्हर्जिल या रोमन कवीचे बोट धरतो. चौथ्या सर्गात होमर, होरेस, ओव्हिड आणि लुकन हे प्राचीन ग्रीक-रोमन कवी भेटतात, आणि व्हर्जिलसह ते पाच जण दान्तेला आपल्यातला सहावा म्हणून सामावून घेतात. ‘ग्रीक व रोमन काव्याचा पुढील साहित्यावर प्रभाव पडला’ हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिले आहे, पण तो प्रभाव म्हणजे नेमके काय, कथा उचलणे, वृत्ते उचलणे की आणखी काही, हे मला सांगता येत नाही. मला ग्रीक किंवा लॅटिन येत नाही. भाषांतर वाचणाऱ्या माझ्यासारखीला तो प्रभाव डोळ्यांनी दिसू शकेल का?

उत्तर १: पिंपळपान (डोंबिवली)

वाचनखूणताई, दिसू शकेल, आणि त्यासाठी एकाच उपमेचा माग काढला तरी पुरे. मी बरीच वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले आणि वर्गात दरवर्षी याच वाटेने जात असे.

होमरच्या ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात ग्लाउकस आणि डायोमिडीझ हे शत्रुपक्षांतले दोन वीर रणांगणावर समोरासमोर येतात. तू कोणाचा कोण, असे डायोमिडीझ विचारतो. ग्लाउकस म्हणतो की माझे कुळ काय विचारतोस, माणसांच्या पिढ्या झाडाच्या पानांसारख्या असतात. वारा जुनी पाने भुईवर उडवतो आणि वसंत आला की रानाला पुन्हा पालवी फुटते, तशी एक पिढी येते आणि एक जाते. आपण वृद्ध माणसाला ‘पिकले पान’ म्हणतो तेव्हा गळणे तेवढे डोळ्यांपुढे येते. होमर मात्र साऱ्या झाडाकडे पाहतो आहे आणि त्याच्या उपमेत पालवीही आहे, एवढे ध्यानात ठेवा.

सुमारे सात शतकांनंतर व्हर्जिल ‘इनीड’च्या सहाव्या सर्गात हीच पाने पाताळातल्या नदीकाठी आणतो. शरदाच्या पहिल्या गारठ्यात रानातली पाने गळावीत, किंवा थंडीने हाकललेले पक्षी समुद्र ओलांडून उबदार देशाकडे निघावेत, तितके मृतात्मे तेथे दाटले आहेत, आणि पैलतीराच्या ओढीने हात पुढे करून ‘आधी मला ने’ अशी नावाड्याची विनवणी करीत आहेत. पालवी गेली, तिच्या जागी ते पसरलेले हात आले.

आता तुम्ही नुकताच वाचलेला ‘इन्फर्नो’चा तिसरा सर्ग पुन्हा उघडा. तीच नदी आणि तोच नावाडी आहे, पण येथे पाने एकामागून एक गळतात आणि शेवटी फांदी आपले सारे वैभव जमिनीवर पडलेले पाहते. व्हर्जिलकडे पानांचा ढीग होता. दान्तेने प्रत्येक पान सुटे केले, कारण त्याच्या श्रद्धेत प्रत्येक जीवाचा हिशेब वेगळा होतो. शिवाय दान्तेने ही उपमा ज्याच्याकडून घेतली, तो कवी त्या क्षणी दान्तेच्या शेजारीच उभा आहे! मला हे स्थळ दर वेळी थक्क करते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथेच आहे: पाताळाची वाट आपल्या काव्यात व्हर्जिल आधी चालून गेला होता, म्हणून वाटाड्या तोच.

पुढे १६६७ मध्ये मिल्टनच्या ‘पॅरडाइझ लॉस्ट’च्या पहिल्याच सर्गात स्वर्गातून पडलेले देवदूत अग्निसरोवरावर पसरलेले दिसतात, तेही पानांसारखे. त्याने मात्र त्या पानांना इटलीतल्या व्हालोम्ब्रोसा या खऱ्या दरीचे नाव दिले आणि तिथल्या ओढ्यांवर ती पसरली. हे काव्य रचताना मिल्टनची दृष्टी पूर्ण गेलेली होती.

उत्तर २: सहवाचक (विलेपार्ले)

पिंपळपान सरांनी उपमेचा माग सुरेख काढला आहे. त्यात मी श्रद्धेच्या बाजूने थोडी भर घालतो. व्हर्जिलच्या चौथ्या गोपकाव्यात एका बालकाच्या जन्माबरोबर सुवर्णयुग येईल असे भाकीत आहे, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती वाचकांनी ते ख्रिस्तजन्माचे भाकीत मानले. त्यामुळे मूर्तिपूजक असूनही व्हर्जिल त्यांना परका वाटत नव्हता. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या दुसऱ्या भागात, बाविसाव्या सर्गात, स्टेशियस हा रोमन कवी व्हर्जिलला सांगतो की रात्री दिवा पाठीशी धरून चालणाऱ्यासारखा तू होतास, त्या उजेडाचा तुला स्वतःला उपयोग झाला नाही, पण मागून येणाऱ्यांना वाट दिसली. ताई, तेवढ्यासाठी तरी दुसरा भाग अवश्य वाचावा.

मात्र ‘सारे होमरपासून आले’ असे सरसकट म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दान्तेला ग्रीक येत नव्हते, त्यामुळे होमरची पाने त्याच्यापर्यंत व्हर्जिलच्या हातून आली. त्याच्यानंतरच्या पेट्रार्क या इटालियन कवीकडे होमरची ग्रीक पोथी होती, पण ती त्याला वाचता येत नव्हती. पश्चिम युरोपात कित्येक शतके होमर हे बहुतेकांना केवळ ऐकून माहीत असलेले नाव होते.

मराठी वाचकाला हे नाते खरे तर परके वाटू नये. ‘व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्’ हे वचन आपल्याकडे तक्रार म्हणून नव्हे, तर आदराने म्हटले जाते. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या आणि मोरोपंतांनी एकाच रामकथेवर १०८ रामायणे रचली, असे सांगतात. ज्ञानेश्वरी वाचताना आपण मूळ कोठे संपते आणि ज्ञानेश्वर कोठे सुरू होतात हे नकळत ओळखत असतो. ‘इनीड’ही तसेच वाचावे. त्याचे पहिले सहा सर्ग ‘ओडिसी’च्या प्रवासाची आठवण देतात आणि पुढचे सहा ‘इलियड’च्या युद्धाची.

उत्तर ३: तुतीचे झाड (गिरगाव)

आतापर्यंतची सारी चर्चा महाकाव्यांची झाली, आणि ओव्हिड मागे राहिला. त्याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या पंधरा सर्गांच्या काव्याचे आर्थर गोल्डिंगने केलेले इंग्रजी भाषांतर १५६७ मध्ये पूर्ण झाले, आणि शेक्सपियरने ते बारकाईने वाचले होते. ‘द टेम्पेस्ट’मध्ये जादूचा त्याग करण्यापूर्वी प्रॉस्पेरो जे भाषण करतो, ते सातव्या सर्गातल्या मीडिया या जादूगारणीच्या शब्दांवर उभे आहे. ती त्या शब्दांनी जादूला बोलावते, हा त्याच शब्दांनी जादूचा निरोप घेतो.

आपल्या देशातले याहून जवळचे उदाहरण मायकेल मधुसूदन दत्तांचे आहे. ओव्हिडने ‘हिरॉइडीझ’मध्ये पेनेलपी, डायडो अशा स्त्रियांना त्यांच्या दुरावलेल्या पुरुषांना पत्रे लिहायला लावली. मधुसूदनांनी तीच कल्पना घेऊन १८६२ मध्ये बंगालीत ‘वीरांगना काव्य’ रचले आणि त्यात शकुंतला दुष्यंताला, कैकेयी दशरथाला, शूर्पणखा लक्ष्मणाला पत्र लिहिते. शूर्पणखेच्या हाती लेखणी द्यावी, हे ओव्हिड वाचल्यावाचून सुचले असते का, याची मला शंका वाटते. त्याआधी १८६१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘मेघनादवध’ काव्यात राम प्रेतलोकात उतरून दशरथाला भेटतो, जसा ‘इनीड’चा नायक इनियस पाताळात आपल्या पित्याला भेटतो. आणि ‘इलियड’ जसे ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीने संपते, तसे हे काव्य मेघनादाच्या अंत्यविधीने संपते. राम आणि रावण आपलेच, पण कोणाच्या घरातला शोक अखेरपर्यंत ऐकायचा, ही दृष्टी होमरकडून आली. मराठीत असा थेट संबंध कमी आहे. आपल्याकडे हे संस्कार बहुतांशी इंग्रजी कवितेच्या द्वारे आले.

वाचनखूण

तिघांचेही मनापासून आभार. काल परतीच्या लोकलमध्ये तिसरा सर्ग पुन्हा वाचला. ती फांदी पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटली होती. आता मागे वळून होमर वाचायचा आहे. तो पहिल्या सर्गापासून वाचावा की थेट सहाव्यापासून?

पिंपळपान

थेट सहावा सर्ग वाचायलाही हरकत नाही. पानांच्या उपमेपाशी थांबू नका; आपल्या आजोबांचा एकमेकांशी पाहुणचाराचा संबंध होता हे कळल्यावर ते दोघे वीर लढाई सोडून चिलखते बदलतात, आणि ग्लाउकस शंभर बैलांच्या मोलाचे सोने देऊन नऊ बैलांच्या मोलाचे कांसे घेतो. त्याच सर्गात पुढे हेक्टर आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, पण शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा पाहून ते मूल भेदरते आणि दाईच्या कुशीत तोंड लपवते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, आणि मग मुलाला उचलून घेतो.