श्रद्धाच उरली नाही, तरी वारीला जाऊ का?

घरचीच_मी: हे जाऊन वर्ष होत आलं. समई लेकच लावते, माझा हात धजत नाही. सासूबाई म्हणतात, यंदा माउलींबरोबर चल. मनात देवच नाही, तर जाऊन काय करू?

जुना_टाळकरी: ताई, तिथे कोण परीक्षा घेतंय? पंढरपूरपर्यंत नको, पुणे ते सासवड चाला. दिवे घाटात पायांपलीकडे काही सुचत नाही. रडलात तरी कुणी खोदून विचारत नाही, पाणी पुढे करतात.

स्वाती_क: वारी निघते ज्येष्ठाच्या अखेरीस. तोवर झोप-जेवण होतंय ना? नसेल तर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर बोला. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

घरचीच_मी: झोप नाहीच. करते फोन. दादा, घाटात छत्री चालेल?

जुना_टाळकरी: वाऱ्याने उलटी होते. प्लास्टिकचा कागद घ्या.