फ्रान्सिसची नवरी: दारिद्र्य, गरिबी की फकिरी?

इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसवर (मृत्यू १२२६) लेख लिहितेय. तो दारिद्र्याला आपली नवरी मानतो, लॅटिनमध्ये तिला ‘डोमिना पाउपेर्तास’ म्हणतो (डोमिना म्हणजे मालकीण, पाउपेर्तास म्हणजे दारिद्र्य). ‘श्रीमती दारिद्र्य’ लिहिलं आणि थांबले. श्रीमती म्हणजे जिच्याकडे श्री आहे ती! शिवाय दारिद्र्य नपुंसकलिंगी, ते नवरी कसं होणार? लेखात ज्यू गूढवाद्यांची ‘शेखिना’ही आहे, म्हणजे माणसांत राहणारं देवाचं स्त्रीरूप. तिला काय म्हणू?

प्रतिसाद
लिंग इथे फार महत्त्वाचं आहे. पाउपेर्तास स्त्रीलिंगी, म्हणून तर इटालियन कवी दांते तिला विधवा करू शकला: पहिला नवरा ख्रिस्त गेल्यावर अकराशेहून अधिक वर्षं तिला कुणी विचारलं नाही, फ्रान्सिस येईपर्यंत. असिसीच्या खालच्या बॅसिलिकेत (फ्रान्सिसच्या मोठ्या चर्चच्या खालच्या मजल्यावर) छतावर हे लग्न रंगवलंय. नवरीच्या अंगावर ठिगळं, पायाशी काटे, एक पोरगा तिच्यावर दगड उगारतोय, कुत्रं भुंकतंय. आणि ख्रिस्त स्वतः तिचा हात फ्रान्सिसच्या हातात देतोय.

आपल्याकडे दारिद्र्याला बाईचं रूप मिळालं ते अवदसेचं, अलक्ष्मीचं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुपं वाजवून तिला हाकलतात. त्यामुळे ‘दरिद्रा’ वगैरे नकोच. मी ‘फकिरी’ म्हणेन. गरिबी येते, फकिरी घेतात. डोमिनाला ‘स्वामिनी’ चालेल. फ्रान्सिसला तरुणपणी नाइट (घोडेस्वार सरदार) व्हायचं होतं, आणि नाइट आपल्या स्वामिनीची सेवा करतो.

प्रतिसाद
फकिरीला सुफी वास आहे, पण ‘अकिंचनता’पेक्षा ती जिवंत आहे हे मान्य. अकिंचन मात्र शेखिनेसाठी राखून ठेवा. ‘जोहार’ हा ज्यू गूढवादाचा ग्रंथ (तेराव्या शतकाची अखेर, स्पेनमधलं कास्तिल) तिला चंद्राची उपमा देतो: स्वतःचा प्रकाश नाही, ‘तिचं स्वतःचं असं काहीच नाही’. अकिंचन म्हणजे नेमकं हेच.

मूळ हिब्रू धातूचा अर्थ राहणं, मुक्काम करणं. ‘शाखेन’ म्हणजे शेजारी, तोही त्याच धातूचा. म्हणून ‘देवाची वस्ती’ सुचवतो. निवास पुल्लिंगी, सान्निध्य नपुंसकलिंगी, वस्ती स्त्रीलिंगी. आणि वस्ती उठते, दुसरीकडे पडते. लोक हद्दपार झाले की शेखिना त्यांच्याबरोबर जाते, हे तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातच आहे.

फक्त दोघींना एका माळेत ओवू नका. फ्रान्सिसची नवरी निवडलेली आहे, शेखिनेचं रितेपण निवडलेलं नाही. दान करतानाही पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उधळू नये, असा तालमूदचा दंडक आहे. सगळं टाकून निघणं तिथे सहजी पुण्य ठरत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
‘स्वामिनी फकिरी’ घेतेय. शेखिना तशीच ठेवते, पहिल्या उल्लेखाला ‘देवाची वस्ती’ जोडून. दोघींमधला फरक वेगळ्या परिच्छेदात मांडते, तो माझ्या मसुद्यात पुसला गेला होता. आणि आणखी एक शब्द बदलला. फ्रान्सिसची अनुयायी असलेल्या असिसीच्या क्लाराला काहीही मालकीचं न ठेवण्याची जी परवानगी पोपकडून मिळाली, तिचं नाव ‘प्रिव्हिलेजियम पाउपेर्तातिस’. मी ‘सवलत’ लिहिलं होतं. पण ती बाई आयुष्यभर त्यासाठी भांडली, आणि तिच्या नियमावलीला पोपची मंजुरी मिळाली ९ ऑगस्ट १२५३ला, मृत्यूच्या दोन दिवस आधी. तिथे आता ‘फकिरीचा हक्क’ केलंय.