बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: हवा सीलिंगच्या वर सोडली तर चालेल का?

धागा (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं घर गावातलं, जुनं. न्हाणी मागच्या आवारात होती. आईचे गुडघे दुखतात, रात्री अंगण ओलांडणं तिला जमत नाही, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिच्या खोलीला लागूनच बाथरूम काढलं. ५ बाय ७ फूट, उंची ९. त्याची एकही भिंत बाहेरची नाही. मध्ये चार फुटांची कोठी आणि तिच्यापलीकडे घराची मागची भिंत. वर पीव्हीसीचं सीलिंग, त्यावर टिनाचं छप्पर.

पोळ्यापासून कोपऱ्यांत काळी बुरशी धरली आहे. पुसली की आठ दिवसांत परत. दाराची चौकट फुगून कडी लागेना. वायरमन म्हणतो, सीलिंगमध्ये फॅन बसवू, हवा वरच सोडू, टिनाखाली भरपूर जागा आहे. खर्च कमी आहे, पण मन घेत नाही. गॅस गीझर आतच आहे, फॅनमुळे त्याचीही गरम हवा निघून जाईल असं वाटतं. काय करू?

प्रतिसाद १ (पुलगाव)

ताई, अजिबात करू नका. आमच्याकडे हेच केलं होतं. पावसाळाभर काही समजलं नाही. डिसेंबरात थंडी पडली अन् सकाळी सीलिंगच्या सांध्यातून टपटप पाणी. आम्हाला वाटलं टाकी गळते. पट्टी काढून पाहिली तर टिनाच्या खालून थेंब लटकलेले, बल्ली काळी पडलेली, नख दाबलं तर आत जायचं. वाफ थंड टिनाला लागली की तिचं पाणीच होणार, जाईल कुठं? शेवटी दोन बल्ल्या बदलल्या. भिंतीला भोक पाडणं त्यापुढं काहीच नव्हतं.

प्रतिसाद २ (हिंगणघाट, वायरिंगचं काम करतो)

कोठीतून पाइप न्या. खिडकीत बसवतात तो पात्यांचा फॅन घेऊ नका, त्याच्यात पाइपातून हवा ढकलायचा जोर नसतो. पाइपाच्या मध्येच बसणारा डक्ट फॅन येतो, तो चार इंची घ्या. तुमची खोली ३१५ घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ४२ घनफूट लागते. पाइपात थोडी कमी होते, म्हणून डब्यावर ८० ते १०० लिहिलेला बघा.

पाइप ११० एमएमचा, संडासाला वापरतो तोच. सरळ न्या, एल्बो (वळणाचे जोड) टाळा. आणि बाहेरच्या बाजूला बोटभर उतार द्याच. हिवाळ्यात पाइपात पाणी साचतं, उतार उलटा असला तर ते फॅनच्या मोटरवर येतं. हे बरेच जण विसरतात. बाहेरचं तोंड छज्जाखाली आणि खाली वळलेलं ठेवा, नाहीतर पावसाचा सपका आत येतो. बटण बाथरूमच्या बाहेर, अर्थिंग पक्कं, मेनवर ३० एमएचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या.

दाराखाली पाऊण इंच फट हवी. आत हवा आलीच नाही तर फॅन नुसता फिरेल. आंघोळ झाल्यावर वीसेक मिनिटं चालू ठेवा.

प्रतिसाद ३ (यवतमाळ)

फॅनचं नंतर बघा. गॅस गीझर आजच बंद करा, हात जोडून सांगते. बंद बाथरूममध्ये तो प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते, आणि कडी आतून लावलेली असते. फॅन आहे म्हणून धोका टळला असं समजू नका. गीझर मागच्या पडवीत मोकळ्या हवेत लावा, गरम पाण्याची नळी तेवढी आत आणा. तोवर चुलीवर पाणी तापवून बादली द्या.

धागाकर्ती

वाचताना पोटात गोळा आला. गेल्या महिन्यात आई आंघोळ करून आली ती चक्कर येतेय म्हणत पलंगावर बसली होती, आम्ही बीपी समजलो. कॉक बंद केला, सिलिंडर पडवीत नेलं. डॉक्टरांनाही सांगते. डक्ट फॅन आणायला शनिवारी वर्ध्याला जाते. मागच्या भिंतीला चिमण्या फार आहेत, पाइपात घरटं करतील का?

प्रतिसाद २

करतातच. तोंडावर अर्धा इंची जाळी लावा. मच्छरजाळी नको, धुळीनं महिन्याभरात बुजते. आणि जाळी स्क्रूनं बसवा, दिवाळीच्या सफाईत काढून धुता येईल.