शब्दचर्चा : बी-साइड

विचारणा : जुन्या रॉक-पॉपबद्दल वाचताना "हे गाणं मुळात बी-साइड होतं" असं वाक्य हमखास भेटतं. म्हणजे दुय्यम दर्जाचं गाणं का? मराठीत काही शब्द आहे? आणि लिंग कोणतं धरायचं?

तबकडीवाला : दर्जाचा वास नंतर चिकटला हो. मुळात ही नुसती जागा. १९४९ साली आरसीए व्हिक्टरने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आणली. एका बाजूला साधारण एकच गाणं मावायचं. कंपनीला जे खपवायचंय ते ए बाजूला. रेडिओवाल्यांनी तेच वाजवावं ही अपेक्षा. मागे काहीतरी हवं म्हणून दुसरं, तीच बी-साइड.

पण लोक कंपनीचं थोडंच ऐकतात! बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये मागच्याच बाजूला होतं. पुढल्या वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' सिनेमाच्या सुरुवातीला वाजलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह'ही आधी मागचंच. पुढे कोणतं होतं, सांगा पाहू!

उलटसुलट : बीच बॉइजचं 'गॉड ओन्ली नोज' घ्या. १९६६ मध्ये अमेरिकेत बी-साइड, इंग्लंडमध्ये ए-साइड. गाणं तेच, चाल तीच. कुठला दर्जा नि काय!

आणि पैशाचं विसरू नका. १९७५ ची क्वीनची तबकडी. पुढे फ्रेडी मर्क्युरीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बल्सारा), मागे ड्रमर रॉजर टेलरचं 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार'. गिऱ्हाईक काही अर्धी तबकडी घेत नाही, त्यामुळे मागच्या गाण्याच्या रचनाकारालाही पुढच्याइतकीच रॉयल्टी. आपलंच गाणं मागे लागावं म्हणून टेलर कपाटात जाऊन बसला होता, असा किस्सा सांगतात. बँडमध्ये यावरून कुरबुर झाली, ती साहजिकच.

विचारणा : मग 'डबल ए-साइड'?

तबकडीवाला : दोन्ही सुना थोरल्या! बीटल्सनी डिसेंबर १९६५ मध्ये 'डे ट्रिपर' आणि 'वी कॅन वर्क इट आउट' अशी काढली. कागदोपत्री मागची बाजूच नाही.

व्याकरणवेडी : मराठी शब्दाचं बोलू. 'दुसरी बाजू' म्हटलं की नाणं नाहीतर भांडण आठवतं, 'उलटी बाजू' कापडाची. तबकडीबद्दल 'मागची बाजू' बरं वाटतं, पण गाण्याला 'ते मागची बाजू होतं' कसं म्हणणार? तिथे 'बी-साइड'च राहू द्या. 'साइड' आपण स्त्रीलिंगीच वापरतो, म्हणून 'ती बी-साइड गाजली'. अनेकवचन मी 'बी-साइडा' करते. 'बी-साइड्स' लिहिणाऱ्यांशी भांडणार नाही, पण 'बी-साइड्सेस' दिसलं तर मात्र भांडेन.

उलटसुलट : मजा म्हणजे सीडीला वाजणारी बाजू एकच, तरी सीडी सिंगलवरच्या (एकच मुख्य गाणं असलेल्या सीडीवरच्या) जास्तीच्या गाण्यांना नव्वदीतही बी-साइडच म्हणत. ओअ‍ॅसिसने १९९८ मध्ये असल्याच गाण्यांचा 'द मास्टरप्लॅन' हा अख्खा अल्बम काढला.

व्याकरणवेडी : म्हणजे बाजू गेली, शब्द राहिला. कोशात दोन अर्थ द्यावे लागतील : १. तबकडीची मागची बाजू. २. मुख्य गाण्यासोबत आलेलं जास्तीचं गाणं.