परदेशात घर घेताना तुमच्या बाजूचा माणूस कोण होता? (अनुभव धागा)

साताऱ्यात प्लॉट घ्यायचा तर काय करायचं ते आपल्याला पाठ असतं. सातबारा, फेरफार, वकिलाकडून सर्च रिपोर्ट, इसार, साठेखत, मग निबंधकाकडे खरेदीखत. परदेशात यातलं कोण काय करतं, त्याची फी कुणाच्या खिशातून जाते आणि तो कुणाचं ऐकतो, याचा पत्ता लागायला वेळ जातो. सातारा-सांगलीकडच्या ज्यांनी बाहेर घर घेतलंय, किंवा घ्यायला पैसे दिलेत, त्यांनी लिहा. फर्मची नावं नकोत. 'छान अनुभव' एवढंच लिहून पळू नका.

सांगली, गावभाग. सध्या यॉर्क, इंग्लंड

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचे आईबाबा माडीवर अडकले होते. त्यामुळे घर बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न पुराचाच. यॉर्कमध्येही ऊझ नदी दर काही वर्षांनी घरात येतेच. एक जुनं, देखणं घर बायकोला फार आवडलं होतं. इस्टेट एजंट म्हणाला, आता पूर अडवायला भिंत बांधलीय, काळजी नको. इथे एजंटाचं कमिशन विकणारा देतो, हे ध्यानात ठेवून त्याचं बोलणं ऐकायचं.

मी स्वतःच्या पैशाने सर्व्हेअर, म्हणजे घराची पक्की तपासणी करणारी तज्ज्ञ, लावली. जुन्या घराला लेव्हल 3 चा, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे घ्यावा, थोडा महाग पडतो. त्या बाईंनी तळमजल्यावरची विजेची सॉकेट्स दाखवली. सगळी कमरेएवढ्या उंचीवर! शोभेसाठी कुणी सॉकेट इतकी वर घेत नाही. शिवाय खालच्या भिंतींचं प्लास्टर नवं, वरचं जुनं. वकिलाने सर्चेस, म्हणजे जागेच्या नोंदींचे तपासणी अहवाल, मागवले, त्यातही पुराचा धोका स्पष्ट आला. इंग्लंडमध्ये 2016 पासून फ्लड री नावाची योजना आहे, तिच्यामुळे पूरभागातल्या घरांना परवडणारा विमा मिळतो, पण 2009 च्या आधी बांधलेल्या घरांनाच. म्हणजे विमा मिळाला असता. पण ऑगस्टमध्ये रात्री उठून पाणी बघणं आमच्या घरात पुरेसं झालंय. सोडलं ते घर. सर्व्हेची फी गेली, आणि ती जायलाच हवी होती.

दुसरं घर टेकाडावर घेतलं. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत इथे कुणीच बांधील नसतो, मालक ऐनवेळी जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. एक्स्चेंजला साधारण 10 टक्के भरले की मग मात्र मागे फिरणं महागात पडतं.

तासगाव. मुलगा मँचेस्टरला

मी द्राक्षबागायतदार. पोराच्या डिपॉझिटसाठी आम्ही दोघांनी पैसे पाठवले. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म भरायचा, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपल्याला कुठे तेवढे पाठवायचे होते! पण वर्षाला 10 लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो. आमच्या सीएंनी सांगितलं, काही रक्कम मार्चमध्ये पाठवा, काही एप्रिलमध्ये, आणि दोघांच्या खात्यांतून वेगवेगळी. मात्र ज्याच्या खात्यातून जाणार ते पैसे खरंच त्याचे असले पाहिजेत, हेही बजावलं.

खरी गंमत पुढे. तिकडची वकीलबाई विचारते, हे पैसे आले कुठून? बँकेत आहेत म्हणून भागत नाही, बँकेत कसे आले ते हवं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग कागद कुठला दाखवायचा? शेवटी अडत्याकडून बेदाण्याच्या जुन्या पट्ट्या काढल्या, सातबारा जोडला, सांगलीतून त्यांचा इंग्रजी अनुवाद शिक्क्यासह करून घेतला. पैसे भेट म्हणून दिलेत, घरावर आमचा हक्क नाही, असं पत्रही सही करून दिलं. ते वाचून सौभाग्यवती दोन दिवस गप्प होत्या. ज्यांना पोरांना मदत करायची आहे त्यांनी पट्ट्या फेकू नका.

सातारा. सध्या म्युनिक

काकांच्या त्या भेटपत्रावरून आठवलं, आमच्याकडे सही करायला लावण्याआधी अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतात. जर्मनीत नोटरीशिवाय घराचा व्यवहारच होत नाही. नोटरी समोर बसून अक्षर न् अक्षर वाचतो, मध्ये थांबवून विचारता येतं. जर्मन पुरेसं येत नसेल तर दुभाषा लागतो, त्याचे पैसे आपले.

आमचे बाबा म्हणाले, वा, एवढा चांगला वकील! पण नोटरी आपला वकील नाही. तो दोघांच्या मधला. करार कायदेशीर आहे का ते बघतो, तुम्हाला महाग पडतोय का ते नाही. आणि भिंतीत ओल आहे का, याच्याशी तर त्याचा काही संबंधच नाही. म्हणून मसुदा हाती आल्यावर आम्ही वेगळी वकील गाठली. इमारतीच्या सोसायटीच्या सभांची जुनी इतिवृत्तं मागवा, असं तिने सांगितलं. त्यात छप्पर बदलण्याचा ठराव सापडला, ज्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडणार होता. भाव त्यावरून खाली आला.

खर्च: खरेदी कर बव्हेरियात 3.5 टक्के, काही राज्यांत 6.5. माक्लरचं, म्हणजे एजंटाचं, कमिशन 2020 च्या डिसेंबरपासून घर विकणाऱ्याने लावलं असेल तरी साधारण निम्मं-निम्मं होतं.

कराड. सध्या टोरांटोजवळ

थोडक्यात. कॅनडात 2023 पासून परदेशी नागरिकांना घर घ्यायला बंदी आहे, वर्क परमिटवाल्यांना अटींवर सूट. परमिटवर किमान 183 दिवस शिल्लक हवेत. आमचा वकील हे आधी बघून मगच पुढे गेला. एजंटाने मात्र ऑफर जिंकायची असेल तर इन्स्पेक्शनची अट काढून टाका म्हणून धोशा लावला होता. नाही काढली. घर गेलं. पुढचं मिळालं.

विटा. दुबईत फ्लॅट, राहणं विट्यातच

पुण्यातल्या हॉटेलात प्रदर्शन असतं, चहा-बिस्किटं, सूटवाला माणूस, "साहेब, आजच बुक करा." बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्याला कमिशन बिल्डर देतो, त्यामुळे तो गोड बोलणारच. मी तिथे सही केली नाही. दुबईतल्या आपल्या एका गलाईवाल्याच्या (सोनं-चांदी गाळणाऱ्याच्या) ओळखीने वकील धरला. त्याने प्रकल्पाचं एस्क्रो खातं (ग्राहकांचे पैसे फक्त त्याच बांधकामासाठी राखून ठेवणारं) नोंदलेलं आहे का ते लँड डिपार्टमेंटकडे तपासलं, आणि पैसे फक्त त्याच खात्यात भरायला लावले. नोंदणीचे 4 टक्के वेगळे, जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतात.

इथे राहणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या: तो फ्लॅट आपल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दरवर्षी दाखवावा लागतो, भाडं येवो न येवो. नाही दाखवला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

मिरज. सध्या डॅलस

अमेरिकेत 2024 च्या ऑगस्टपासून घर दाखवायला नेण्याआधीच एजंट लेखी करार करून घेतो, त्यात त्याची फी लिहिलेली असते. आमचा एजंट मंडळातला, गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा. त्याच्यासमोर फीवर घासाघीस करायची लाज वाटत होती. बायकोला वाटली नाही. फी कमी झाली आणि मैत्रीही राहिली.

डॅलसची माती आपल्या काळ्या मातीसारखीच. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि घराचा पाया हलतो. मिरजेत वाढलेल्या माणसाला दाराच्या चौकटीवरची तिरकी चीर लगेच दिसते. टेक्सासमध्ये थोडी ऑप्शन फी भरून ठरलेल्या दिवसांत कारण न देता माघार घेता येते. त्या मुदतीत नेहमीच्या इन्स्पेक्टरशिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्याने लेव्हल लावून पाया एका कोपऱ्यात बसल्याचं दाखवलं. दुरुस्ती मालकाने करून दिली, वॉरंटीचा कागद आमच्या नावावर.

फलटण. सध्या लीड्स

वरच्या तासगावच्या काकांना विचारायचं होतं, पण कुणीही सांगा. मी अनिवासी. वडिलांकडून वारसाने आलेला साताऱ्यातला फ्लॅट विकून ते पैसे इथे डिपॉझिटला आणायचेत. मलाही अडीच लाख डॉलरचीच मर्यादा का?

सातारा. सध्या म्युनिक

नाही. ती मर्यादा भारतात राहणाऱ्यांना. तुमचे पैसे आधी एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपया खातं) येतील, तिथून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. सीएचं प्रमाणपत्र आणि वारसाचे कागद बँक मागेल. आणि फ्लॅट विकायच्या *आधीच* आयकर खात्याकडून कमी टीडीएसचा दाखला काढा. विकणारा अनिवासी असला की खरेदीदाराला कापावा लागणारा कर बराच जास्त असतो, आणि तो परत मिळेपर्यंत तुमचं लीड्सचं घर थांबणार नाही. दाखल्याला वेळ लागतो, आजच सीएंना फोन करा.