एआय एजंटला कोणत्या कमांड चालवू द्यायच्या?

पिंपळगावकर: द्राक्षांच्या पॅकहाउसच्या सर्व्हरवर एजंटने (स्वतः कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रामने) फक्त लॉग, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइली, वाचायच्यात. 'कॅट' (फाइल दाखवणारी), 'ग्रेप' (मजकूर शोधणारी), 'फाइंड' (फाइल शोधणारी) एवढ्या कमांडनाच परवानगी दिली तर पुरे?

सातपूरकर: नाही हो. (द्राक्षवाल्यांना 'ग्रेप' लागणारच!) 'फाइंड'ला 'डिलीट' पर्याय आहे, 'एक्झेक'ने तर कुठलीही कमांड चालते. नुसतं नाव नको, आर्ग्युमेंटही (कमांडपुढे लिहिलेले पर्याय) तपासा. मजकूर थेट शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) दिलात तर अर्धविरामामागून दुसरी कमांड शिरते.

गंगापूर रोडकर: शिवाय 'कॅट' पासवर्डची फाइलही वाचेल की! एजंट बाहेर, कमांड कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून वेगळ्या बंदिस्त जागेत). वेगळा युजर, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) नाही, नेटवर्क बंद, लॉगचं फोल्डर तेवढं रीड-ओन्ली माउंट (आत जोडलेलं, पण फक्त वाचता येईल असं).

पिंपळगावकर: त्यापेक्षा दर वेळी 'हो/नाही' विचारलं तर?

सातपूरकर: दहाव्यांदा माणूस न वाचताच 'हो' दाबतो. लिहिण्या-पुसण्यापुरतंच विचारू द्या.